वरचं टोपण

३ जानेवारी २००५

डायरी खताच्या दुकानातून मिळाली, पण गेल्या सालची. वार सगळे चुकीचे. वार खोडतो, तारीख ठेवतो.

थंडी अशी की नारळाच्या भुशाचं कोकोपीट भिजवताना बोटं माझी का दुसऱ्याची कळत नाही. ट्रे भरले, बोटानं खळ्या पाडल्या, टोमॅटोचं बी टाकलं. दाजी मागून आला आणि माझे दोन ट्रे उलटे केले. म्हणे दाबून भरलेत, मुळीनं काय डोकं फोडून घ्यायचं का. सगळ्या बायांसमोर. वरून, "आमचे शालकबुवा सातवी नापास, त्यांना मऊ-टणक काय कळणार." बाया हसल्या. ताई पण त्यांच्यात बसलेली. ती हसली नाही, खाली बघून खळ्या पाडत राहिली.

ताईचा नवरा नसता तर. पुढं याचं नाव लिहायचं नाही, दाजी पण लिहायचं नाही. नुसतं दा.

५ जाने.

शिरपूरच्या पलीकडून इथं पिंपळगावला आलो त्याला दिवाळीला वर्ष झालं. दा. नर्सरीचा मुकादम, त्यानंच आणलं, ते तो दर जेवणाला ऐकवतो. शेडनेटच्या मागं पत्र्याची एक खोली. मधे ताईची जुनी साडी बांधलेली. साडीच्या पलीकडं ते दोघं, अलीकडं मी आणि खताची पोती. मी कूस बदलली की पलीकडून, "झोपू देशील का."

आपल्या बोलीत "आहे"ला "शे" म्हटलं की इथल्या बाया तोंडाला पदर लावतात. म्हणून मी कामावर इथल्यासारखं बोलतो. दा. तर मुद्दाम बोलतो. मुकादम आहे, त्याला कोण हसणार.

७ जाने.

आज तात्या आले. नर्सरी त्यांची, द्राक्षबाग पण त्यांची. गिरणाऱ्याला जागा घेतलीय म्हणाले. टोमॅटोवाले सगळे तिकडचे, तिथंच शेडनेट टाकायचं. एक माणूस कायमचा ठेवणार. त्याला सगळा कारभार. राहायला दोन खोल्या, विटांच्या.

दोन खोल्या ऐकल्याबरोबर दा. नं ताईकडं बघितलं. मी पण बघितलं.

मला एक पुरे. पण दार माझं पाहिजे.

८ जाने.

खताचा दुकानवाला तात्यांबरोबर आला होता. पांढरा कॅन घेऊन. सिलिका म्हणे. पाण्यासारखंच, जरा जाड, बोटाला बुळबुळीत लागतं. दुकानवाला म्हणतो हे मुळीतनं वर जातं आणि रोपाच्या अंगात काचेसारखं बसतं. खोड टणक, पान ताठ, मर कमी. परदेशात काकडीला, गुलाबाला देतात. टोमॅटो सगळं घेत नाही पण थोडं घेतो.

दा. म्हणाला, "तात्या, भाताच्या तुसाच्या राखेत हेच असतं. घोटीच्या मिलवरून आणतो ती. कॅनमधे भरलं की साहेब झालं काय."

दुकानवाला कॅनचं लेबल बघायला लागला. कारण खरं असावं.

मी बोलून गेलो, "मग दोन्ही करून बघा की."

दा. नं माझ्याकडं असं बघितलं की मी आता जेवायला घरी जाऊ नये.

तात्यांना मजा वाटली. त्यांना माणसं झुंजवायला आवडतात, आधीपण बघितलंय. म्हणाले, "अर्धे ट्रे मुकादमाच्या राखेचे, अर्धे संतोषच्या पाण्याचे. ज्याची रोपं ताठ निघतील तो गिरणाऱ्याला."

रात्री जेवलो नाही. ताईनं ताट झाकून साडीखालून सरकवलं. "खाई ले रे."

९ जाने.

बी पडलं. एकाच पाकिटातलं, एकाच दिवशी. दा.च्या ट्रेत राख. ती चाळायचं काम ताईचं. तिच्या भुवया, केस, हात सगळं काळं. घमेल्यात मापानं राख टाकते आणि मग एक मूठ वर. नेहमीच. आई दाणे मोजताना टाकायची तशी. दा. पण त्यावर कधी बोलत नाही, म्हणतो राख जास्त झाली म्हणून रोप मेलेलं मी बघितलं नाही.

माझ्या ट्रेत नुसतं कोकोपीट. ट्रे एकावर एक रचून काळा कागद टाकला.

दुकानवाल्याचं सांगणं इथं लिहून ठेवतो, विसरायला नको. एका ड्रमला एक टोपण. पाणी आधी, मग हे. याच्यात खत मिसळायचं नाही, कॅल्शियमवालं तर नाहीच. दही होतं.

१६ जाने.

कागद काढला. सगळे मोड वर आलेत. थंडीनं उशीर झाला. दा.चे पण आलेत. फरक काही नाही. बायांतली हिराबाई म्हणते, "दोघंबी एकाच आईचे दिसतात." दा. म्हणाला, "पानं येऊ दे, मग बाप कळंल." सगळ्या खिदळल्या. याचे विनोद असलेच.

२३ जाने.

आज पहिल्यांदा सिलिका दिली. ड्रम मी भरला, टोपण मी टाकलं, झारी मीच फिरवली. कोणाला हात लावू दिला नाही. नंतर साध्या पाण्यानं पानं धुतली, नाहीतर पांढरे डाग राहतात आणि गिऱ्हाईक म्हणतं भुरी आली.

दा. लांब उभा राहून तंबाखू मळत होता. "अभिषेक झाला का?"

मनात उत्तर दिलं. लिहिण्यासारखं नाही.

२७ जाने.

थंडी वाढली. दा.च्या कडेच्या ट्रेत मर. रोपं गळ्यातून बारीक होऊन आडवी. माझ्यात पण आहे पण कमी. राखेमुळं त्याच्यात कमी पाहिजे होती, तसं झालं नाही. तो कडेला बसून एकेक काढत होता. मी मुद्दाम तिथूनच गेलो, दोनदा.

तात्या संध्याकाळी आले. इथं गिऱ्हाईक रोप घेताना ट्रेवरून उघडा तळवा फिरवतं. रोपं वाकतात आणि उठतात. किती पटकन उठतात ते बघतात. तात्यांनी माझ्या ट्रेवर हात फिरवला. उठली. दा.च्या ट्रेवर फिरवला. उठली, पण आळस देऊन उठली.

तात्या हसले. मला पुरे.

२८ जाने.

घरात बोलणं बंद. दा. ताईला सांगतो, ताई मला सांगते. तो पुढ्यात बसलेला असताना. "त्याला म्हणावं मीठ दे." ताई मीठ उचलून इकडून तिकडं. असं जेवण.

आज ताई भांडी घासताना म्हणाली, तू तिकडं गेलास तर बरं होईल. मी म्हटलं, माझं जड झालं का. ती म्हणाली, जड नाही रे. भांड्यांचा आवाज वाढवला.

३० जाने.

दुसरा डोस. ड्रम भरला, टोपण टाकलं, ढवळलं. तेवढ्यात तात्यांचा टेम्पो आला. कोल्ड स्टोरेजवरून खोकी आणायची, आत्ता चल. मी म्हटलं झाल्यावर येतो. म्हणाले पाणी बाया घालतील, तू काय पाण्यात विरघळणार आहेस का.

माझ्या ट्रेवर पाणी घालायला दा. नं ताईला लावलं. मुद्दाम. म्हणजे माझ्याकडचं सगळं त्याला कळणार.

कॅन ड्रमजवळच राहिला. घेऊन जायला पाहिजे होता.

१ फेब्रुवारी

कॅन हलका लागतोय. उचलून बघितला, हलवून बघितला. आत खूप खाली गेलंय. एका टोपणानं एवढं जात नाही. मी दोनच टाकलीत आजपर्यंत.

दा. ओततोय. माझा माल मातीत. दुसरं कोण करणार. कोणाला काय फायदा.

खिळ्यानं कॅनवर रेघ मारून ठेवली.

३ फेब्रु.

रोपं थांबलीत. वाढ नाही. पानांचा रंग उतरला, कडा करपल्यासारख्या. कोकोपीटवर पांढरा थर आलाय, नखानं खरवडला तर खपली निघते. दुकानवाल्याला फोन केला, टपरीवरून. त्यानं विचारलं, "किती टाकलं?" म्हटलं जेवढं सांगितलं तेवढं. म्हणाला, "नाही. जास्त पडलंय. हे फार तिखट असतं बाबा, एवढ्याशा मुळ्यांना भाजतं."

म्हणजे ओतलं मातीत नाही. ओतलं माझ्या ट्रेत.

आता कळलं.

४ फेब्रु.

आज जे झालं ते झालं.

सकाळी दोन गिऱ्हाईकं आलेली. एकानं माझ्या ट्रेवर हात फिरवला. रोपं वाकली ती वाकलीच. तो म्हणाला, "मुकादम, ही काय आजारी का?" दा. म्हणाला, "ती आमच्या शालकाची. औषधावर वाढवलीत. ही घ्या, राखेवरची."

मी त्याच्यासमोर गेलो. म्हटलं कॅन तू रिकामा केलास. तो म्हणाला, "काय?" म्हटलं काय नाही, तूच. आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे. तो हसला. गिऱ्हाईकांकडं बघून हसला.

मग मी त्याचे ट्रे उचलले आणि आपटले. एकामागून एक. रांग संपवली. राख, कोकोपीट, रोपं, सगळं वाटेवर. हिराबाई ओरडत होती. मला कोणी धरलं नाही. मुकादमाचा मेव्हणा, कोण धरणार.

दा. जागचा हलला नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "कोपऱ्यात दोन राहिलेत. ते पण टाक."

ते टाकता आले नाहीत.

दुपारी बाया पांगल्या. मी एकटा रोपं वेचत होतो. काही मुळ्यांना अजून गोळा धरून होता, ती परत ट्रेत बसवत होतो. का बसवत होतो माहीत नाही. ताई येऊन शेजारी बसली. ती पण बसवायला लागली. मग म्हणाली, "ते मी टाकं रे."

म्हटलं काय.

"टोपण. झारी भरी की एक वर."

दर झारीला. ड्रममधे आधीच एक असताना. मी म्हटलं कोणी सांगितलं होतं. ती म्हणाली, कोणी नाही. राखेत पण मूठ वर टाकतेच की. म्हणाली, मला वाटलं तुझी रोपं जरा जास्त ताठ झाली तर तू जिंकशील. तिकडं जाशील. घरात शांत होईल.

शिवी तोंडापर्यंत आली होती. माझ्या सख्ख्या बहिणीला. गिळली. पण आली होती.

५ फेब्रु.

तात्यांनी सगळ्यांना पॅकिंगच्या शेडमधे उभं केलं. स्वतः क्रेटवर बसले. माझ्याकडं बोट, "हा म्हणतो माझा माल कोणीतरी जाळला. म्हणून मी मुकादमाचा फेकला. कोणी जाळला ते सांगा. ज्यानं केलं तो आजपासून इथं नाही."

मी ताईकडं बघितलं. बघायला नको होतं. तिनं पदर नीट केला, पाय उचलला. बोलणारच होती.

दा. म्हणाला, "मी केलं."

तात्या म्हणाले, "तू?"

"हा पुढं जाईल असं वाटलं. ओतलं."

ताईचं तोंड उघडं तसंच राहिलं. दा. नं तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं पण नाही. तात्यांच्या चपलांकडं बघत होता.

तात्या क्रेटवरून उठले. मग म्हणाले, तू जुना माणूस, घालवत नाही. पण मुकादमी गेली. उद्यापासून घमेलं उचल. आणि मला म्हणाले, साध्या पाण्यानं धू, जेवढी उठतील तेवढी घेऊन गिरणाऱ्याला जा.

जिंकलो.

संध्याकाळी

नळावर दा. हात धूत होता. मी गेलो. काय म्हणायला गेलो होतो ते आता आठवत नाही.

तोच बोलला. "तुझ्यासाठी केलं असं समजू नको."

म्हटलं, मग ताईसाठी?

"तिची वर मूठ टाकायची सवय मला माहीत. तिचं काम गेलं असतं, ते एक. आणि उद्या सगळं पिंपळगाव म्हणालं असतं की मुकादमाची बायको नवऱ्याच्या उलट भावाकडून होती. त्यापेक्षा मी चोर बरा." हात पुसले, धोतराला. "गिरणाऱ्याला जा. दिवाळीला पण येऊ नको."

माझ्याकडं एकच गोष्ट होती, त्याच्यावरचा राग. ती पण याला काढून घ्यायची होती. देणार नाही. हा माणूस ट्रे उलटे करायचा ते मी विसरलो नाही.

७ फेब्रु.

तात्यांचा पुतण्या मुकादम झाला. कॉलेजला जातो, बूट घालून शेडमधे येतो. दा.ला नावानं हाक मारतो. हिराबाई परवापर्यंत मुकादमसाहेब म्हणायची, आज म्हणाली, "अहो ओतणारे, इकडं द्या घमेलं." बाया हसल्या.

दा. नं घमेलं दिलं.

मला हसू आलं नाही. हे लिहायचं नव्हतं.

९ फेब्रु.

रोज सकाळी साधं पाणी. ट्रेच्या खालच्या भोकातून निथळेपर्यंत. पांढरं हळूहळू जातंय. दुकानवाल्याच्या सांगण्यावरून दुसरं काही देत नाही. निम्म्याहून जास्त गेली. राहिलीत त्यांच्या मधोमध हिरवा पोपटी शेंडा दिसायला लागला.

झाऱ्या भरून आणायचं काम दा.कडं. माझ्याच ट्रेसाठी. आणतो, ठेवतो, जातो. एकदा पण सांडत नाही. त्यानं सांडलं असतं तर बरं झालं असतं.

१२ फेब्रु.

ताई घरात बोलत नाही. त्याच्याशी नाही, माझ्याशी नाही. मीठ आता ज्याचं त्यानं घ्यायचं. राख चाळते, घमेल्यात मापानं टाकते. आज नीट बघितलं. वर मूठ टाकली नाही. हात राखेत गेला आणि रिकामा आला.

तिला म्हटलं, मी तात्यांना खरं सांगू का.

ती म्हणाली, "सांग."

मग म्हणाली, "तो कधी माफ करणार नाही."

म्हटलं, मला त्याची माफी नको. ती म्हणाली, "मला, म्हणते मी." म्हणजे तिला. तो तिला माफ करणार नाही. आत्ता करतोय का ते विचारलं नाही.

सांगितलं तर तिचं काम जाणार. त्याला मुकादमी परत, कदाचित गिरणारं पण. मी परत साडीच्या अलीकडं नाहीतर शिरपूरच्या गाडीत. नाही सांगितलं तर दोन खोल्या विटांच्या, आणि इथं तो मरेपर्यंत घमेलं उचलणार, आणि पोरं त्याला ओतणारा म्हणणार, आणि मला रोज

नको.

१५ फेब्रु.

तात्या येऊन गेले. राहिलेल्या ट्रेवर तळवा फिरवला. वाकली आणि टणकन उठली. खोडं हिरवट जांभळी, बोटात धरली तर दाबली जात नाहीत. तात्या म्हणाले, "मेली ती मेली, पण राहिलीत ती गडी आहेत." उद्या सकाळी टेम्पो. ते स्वतः येणार, जागा दाखवायला.

दा. मागं उभा होता, दोन्ही हातात झाऱ्या. तात्या गेल्यावर त्यानं एका ट्रेवर स्वतःचा हात फिरवला. हळू. दोनदा. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पाणी उद्या सकाळी देऊ नको. ओला ट्रे टेम्पोत हिंदकळतो."

मला ठाऊक होतं ते. तरी म्हणालो, बरं.

चिडलो मग. बरं कशाला म्हणालो.

१६ फेब्रु.

टेम्पो भरून झाला. ट्रे दाटीवाटीनं लावलेत, वर जुनी साडी बांधली. तीच, मधली. ताईनंच सोडून दिली.

कॅनमधे थोडं शिल्लक आहे, तो घेतला. वरचं मापाचं टोपण काढून खिशात ठेवलं, आतलं बूच घट्ट बसवलं. परत कोणाच्या हाती नको.

दा. फाटकापर्यंत आला नाही. शेडच्या तोंडाशी उभा राहून घमेलं झाडत होता. रिकामंच होतं ते. मी हात केला नाही. त्यानं पण नाही.

ताईला सांगितलं होतं भाकरी चारच बांध. गाठोडं आत्ता सोडून बघितलं. पाच आहेत.

पाचवी खाल्ली नाही. परत पण दिली नाही.

ड्रायव्हर म्हणतो तू मधे बस, तात्या खिडकीला बसतील. म्हणजे गिरणाऱ्यापर्यंत ते माझ्या खांद्याला खांदा लावून. रस्ता लांब आहे, सांगायचं म्हटलं तर. तात्या येताना दिसतायत, चप्पल फरफटवत.